दिसतील तेवढीच नावं

लग्नपत्रिकेत नाव राहिलं म्हणून कुणी मेल्याचं ऐकिवात नाही. पण नाव राहिलं म्हणून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या बांधावरून जाणं सोडलं, बहिणीनं माहेर तोडलं, आणि एक पठ्ठ्या तर स्वतःच्याच लग्नात रुसून बसला, कारण पत्रिकेत त्याच्या आजोळचं कुणीच नव्हतं. असल्या गोष्टी गोरेगावजवळच्या त्या तांड्यावर कुणालाही विचारा, तो काम टाकून सांगायला बसेल. म्हणून प्रेमसिंग राठोडानं लेकीचं, शितलचं, लग्न ठरवलं तेव्हा शपथ घेतली ती हीच, की काय वाट्टेल ते होवो, पत्रिकेत एकही नाव राहता कामा नये.

नावं जमा होऊ लागली. भावकी आली, सोयरे आले, सोयऱ्यांचे सोयरे आले, ऊसतोडीला एका टोळीत होते ते आले, दवाखान्यात शेजारच्या खाटेवर ओळख झालेले आले, आणि शेवटी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बारकी लेकरं आली. सेनगावच्या छापखानेवाल्यानं तो गठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि हात जोडले. म्हणाला, "भाऊ, ही पत्रिका न्हाई, मतदारयादी हाये. तहसीलला जा."

तेव्हा दिपक बोलला. दिपक म्हणजे शितलचा थोरला भाऊ. पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला, पण काम घरूनच, अंगणातल्या लिंबाखाली खाटेवर लॅपटॉप ठेवून. आता हे काम काय, ते त्याच्या बापालाही नीट सांगता येत नसे. तुम्ही-आम्ही दुकानाच्या ॲपवर अंगठ्यानं सरकवत बसतो ना, चपला, साड्या, कुकर, परत चपला, आणि ते काही केल्या संपत नाही? ते न संपणारं प्रकरण न अडखळता सरकावं, एवढीच दिपकची नोकरी. दिवसभर लांबच लांब याद्या पळवायच्या. मग घरच्या लग्नात अशी आयती यादी समोर आल्यावर तो गप्प कसा बसेल?

"बा, पत्रिका मी करतो," तो म्हणाला. "मोबाईलवर. तिथं जागेला तोटा न्हाई. कुणाचं नाव राहिलं तर माझा कान धरा."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

नावं गोळा करायला त्यानं सोपी युक्ती काढली. घरोघर जायचं, ज्याच्या त्याच्या मोबाईलमधले नंबर उतरवून घ्यायचे, एकच नंबर दोनदा आला तर एकदाच धरायचा. नंबर तिथं नाव, नाव तिथं माणूस. कागद नाही, पेन नाही, विचारपूस नाही. सगळा तांडा, आजूबाजूचे तांडे आणि अर्धं गोरेगाव त्याच्या लॅपटॉपमध्ये येऊन बसलं, आणि दिपकला वाटलं, फत्ते झाली.

पहिल्या झटक्याला त्यानं सगळी नावं एकदम पानावर ओतली. तांड्याच्या ग्रुपवर ती पत्रिका पडली आणि तांड्याचे मोबाईल जागच्या जागी गोठले. तांड्याचे नायक किसनसिंग, वय झालेला माणूस, त्यांचा मोबाईल इतका तापला की त्यांनी त्याच्यावर ओली पट्टी ठेवली, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तशी. दिपकची आई कमलबाई दिवसभर मोबाईल झटकत होती.

तेव्हा दिपकनं कंपनीतली विद्या बाहेर काढली. ती काही फार अवघड नाही. गावजेवणाला हजार माणूस आलं म्हणून कुणी हजार पत्रावळ्या एकदम मांडतं का? नाही. एक पंगत बसते, उठते, त्याच जागेवर दुसरी बसते. तसंच हे. पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी बनवायच्या, दहा-बारा. तुम्ही यादी वर ढकलली की वरची ओळ पडद्याबाहेर जाते. ती फेकायची नाही, तीच उचलून खाली लावायची, जुनं नाव पुसून त्यात नवीन टाकायचं. खालच्या-वरच्या अंगाला दोन-चार ओळी जादा तयार ठेवायच्या, म्हणजे घाईचा अंगठा आला तरी फजिती होत नाही. बाकी सगळं पान रिकामं, पण लांबी तेवढी पूर्ण दाखवायची. माणसाला वाटतं सगळी माणसं बसलीत. असतात मात्र दहा-बाराच.

आता पत्रिका लोण्यासारखी सरकायला लागली. दिपक खूश होऊन शितलला म्हणाला, "बघ, असं पुण्यातबी कुणाला जमत न्हाई." शितल म्हणाली, "माझं नाव दिसतंय का वर? बस मग."

दुसऱ्या दिवशी थावरा मामा आला.

थावरा जाधव, कमलबाईचा एकुलता एक भाऊ. ओढ्यापलीकडच्या तांड्यावर हळदीचं रान धरून असायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको रूपाबाई गेली, तेव्हापासून एकटाच, आणि आधीच कमी बोलायचा तो आता गरजेपुरतंच बोलायचा. पण लग्नात त्याच्याशिवाय पान हलणार नव्हतं. मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी घराचा उंबरा ओलांडत नाही, आणि लग्नाची हळदही त्याच्याच घरची यायची होती.

मामाच्या खांद्यावर कागदाचा हा मोठा गठ्ठा होता, आणि मागून गोरेगावचा कलीम. कलीमचं बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाईनचं दुकान. दिपकचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं तोंड मात्र आज चोरी पकडल्यासारखं झालं होतं.

मामानं गठ्ठा दिपकच्या लॅपटॉपवर ठेवला.

"पत्रिका छापून आणली," तो म्हणाला. "मोबाईलवर डोळे दुखतेत म्हणून."

दिपकनं वरचा कागद पाहिला. वर शितल आणि कुलदीप, म्हणजे नवरा मुलगा, जवळा बाजारकडचा. खाली दहा-बारा नावं. मग दुसरा कागद उलटला. कोरा. तिसरा कोरा. त्यानं मधूनच गठ्ठा फोडून पाहिला. कोराच.

"मशीन थांबेच ना," कलीम म्हणाला. "मला वाटलं शाई संपली. शाई बदलली. तरी कोरेच. सगळा कागद संपला दुकानातला."

"माणसं कुठं गेली?" मामानं विचारलं.

"मामानं सांगितलेलं नाव मी 'पानात शोधा'मध्ये टाकून बी पाहिलं," कलीम म्हणाला. "शून्य दाखवून राहिलं."

दिपकला हसू आलं. हा रोग त्याच्या ओळखीचा होता. ज्या ओळी बनल्याच नाहीत त्या छापणार कशा आणि सापडणार कशा? कंपनीत असलं कुणी विचारलं की तो फळ्यावर चित्र काढून दाखवायचा आणि लोक मान डोलवायचे. त्याच थाटात तो म्हणाला, "मामा, नाव हाये. हजार टक्के हाये. पण तुमी तिथवर पोचत न्हाई तवर ते बनत न्हाई. पोचलं की बनतं, पुढं गेलं की पुसतं."

"म्हंजी बघितलं तरच असतं?"

"व्हय. बराबर समजलात."

मामानं लॅपटॉपवरच्या गठ्ठ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं. मंग मी बघत ऱ्हातो." आणि गठ्ठा तिथंच टाकून चालता झाला.

संध्याकाळी निरोप आला. थावरा मामा लग्नाला यायचा नाही. नाव सापडेपर्यंत भाचीचा हात धरणार नाही. कमलबाईनं दिपककडं असं पाहिलं की त्यानं भाकरी अर्धीच खाल्ली. शितलनं तर ताटच बाजूला सारलं. तिच्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली होती, आणि चालायला लागेपर्यंत तिला मामा-मामीनंच सांभाळलं होतं. मामाशिवाय मांडवात जायचं ही गोष्ट तिच्या मनातही येत नव्हती.

"मामानं हात धरला न्हाई तर मी उंबऱ्यावरच बसून राहीन," ती एवढंच म्हणाली. "मंग तुह्या यादीतले हजार लोक येऊ दे."

इकडं कलीमच्या तोंडून दिपकचं वाक्य तांडाभर झालं होतं. बघितलं तरच असतं, पुढं गेलं की पुसतं. आता ज्या माणसांनी आयुष्यभर मानापानासाठी डोकी फोडली, त्यांना हे ऐकून झोप कशी लागावी? ज्यानं त्यानं आपलं नाव पडद्यावर आणलं आणि मोबाईल तसाच धरून ठेवला. अंगठा हलला तर नाव पुसेल. फोन आला तर पडदा बदलेल, म्हणून कुणी फोन घेईना. जेवतानाही डावा हात मोबाईल धरून ताठ. किसनसिंग नायकानं एकदा चुकून यादी जोरात ढकलली, तर नावं तयार व्हायच्या आधीच नुसता पांढरा पडदा आला. "आख्खा तांडा गेला," असं म्हणून ते घराबाहेर आले आणि समोरच्या माणसाला हात लावून पाहिला.

त्यात मांडवाची कामं अडली. प्रेमसिंग बांबू धरायला माणसं बोलवायला गेला तर एक जण खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "माझं नाव सध्या बनलेलं न्हाई. बनलं की येतो." दुसरा म्हणाला, "आधी यादीत माझ्या वरचा येऊ दे." आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

शेवटी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं बैठक बसली. दिपकला मधोमध उभं केलं.

"एका येळी दहा-बाराच," नायक म्हणाले. "मंग बाकीचे आपुन असतो कुठं?"

"डेटात, नायक."

"तिथं पाणी हाये का?"

"पाण्याचा काय संबंध?"

"एवढी माणसं ठेवली तर पाणी लागंल का न्हाई?"

बैठकीला हे पटलं. मागून एक जण उठला. "मी आता पडद्यावर हाये का?"

"आत्ता न्हाई," दिपक म्हणाला.

"मंग मला बैठकीला काहून बोलवलं?" असं म्हणून तो निघून गेला, आणि त्याच्यामागं आणखी बरेच गेले. एक बाई मात्र जाता जाता दिपकच्या कानाशी येऊन म्हणाली, "भाऊ, माह्या नवऱ्याला असाच बिनबनलेला ऱ्हाऊ दे. घरात लई शांतता हाये."

दिपकनं कपाळावर हात मारला आणि दिवसभर खपून पत्रिकेत शोधायची स्वतःची पेटी बसवली. नाव टाका, यादी थेट तिथं उडी मारते, ओळ बनते, पिवळी होऊन चमकते. ही युक्ती मात्र लागू पडली. माणसं आपलं नाव टाकून पाहू लागली, चमकलं की खूश होऊन मोबाईल खिशात घालू लागली. बांबू उभे राहिले. राहता राहिला मामा. दिपकला वाटलं, आता काय, मामाला पेटी दाखवली की काम झालं.

तो ओढा ओलांडून गेला तेव्हा मामाच्या अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडली होती. मामा खाली बसून उकरून उकरून ती पालथी करत होता. पायाजवळ मोबाईल, पडदा चालू.

"मामा, सोडा ते," दिपक म्हणाला. "आता सरकवत बसायचं काम न्हाई. हितं नाव टाका आन बघा."

मामानं हात धोतराला पुसले. बोट पिवळंच राहिलं. एक एक अक्षर शोधत त्यानं नाव टाकायला सुरुवात केली. पहिलं अक्षर र आलं. दिपकला वाटलं, मामा चुकला. तो म्हणणार होता की थ वर दाबा, पण मामाचं दुसरं अक्षर आलं, मग तिसरं.

रूपाबाई.

यादीनं उडी मारली. कुठल्या कुठल्या रूपाबाई पिवळ्या होऊन चमकल्या. रूपाबाई आडे, रूपाबाई चव्हाण, औंढ्याची एक, गोरेगावची एक. मामानं त्या सगळ्या नीट वाचल्या.

"ह्याच्यात न्हाई," तो म्हणाला.

"मामा, तुमी तुमचं नाव..."

"माझं मला पहिल्याच दिवशी दिसलं. माझ्या म्होरं ती पायजेल होती. न्हवती. मंग कलीमला शोधायला लावलं, तर शून्य. तू म्हणला, हाये, पण पोचलं की बनतं." मामानं हळद पालथी केली. "म्हणलं, आपुनच पोचलो नसन. तवापासून सरकवून राहिलो. सगळी सरकवून झाली. परत वरून सुरू केली."

दिपक खाटेवर बसला. ओठावर 'लोड होऊन राहिलं असन' हे वाक्य आलं होतं, ते त्यानं गिळलं. कारण त्याला एकदम आठवलं. मामाच्या पायाजवळचा तो मोबाईल मामीचाच होता. नंबरही तिचाच. ती गेली, आणि मामाकडं दुसरा मोबाईल नाही म्हणून तोच मामा वापरू लागला. तेराव्याच्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या मोबाईलमध्ये 'रूपा मामी' पुसून तिथं 'थावरा मामा' केलं. दिपकनं तर जीपमध्ये बसल्या बसल्या केलं होतं, परत गोरेगावला येताना. नंबर तोच, नाव बदललं. नंबर तिथं नाव, नाव तिथं माणूस.

हजार टक्के हाये, असं तो ह्या माणसाच्या तोंडावर म्हणाला होता. ज्या पोरीच्या लग्नाची ही पत्रिका, तिला पहिला घास मामीनं भरवलेला. दिपकला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"मामा, ती यादीत न्हाई," तो म्हणाला. "खरंच न्हाई. मी तिला घेतलंच न्हाई. मेलेल्या माणसाचा नंबर नसतो, म्हणून मला त्यातलं कुणीच गावलं न्हाई."

मामानं हळदीतला हात काढला. तो रागावला नाही. उलट त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "मंग तसं सांगावं ना बाबा," तो म्हणाला. "मी उगीच खाली बघत बसलो."

"आत्ता टाकतो. तुमच्या खाली."

"तिथं नको. तिथून सरकंल. सरकली की पुसंल म्हणला ना तू? ती एकदा गेली. आता परत जायची न्हाई."

त्यावर दिपकपाशी उपाय होता. काही ओळी पडद्यावर चिकटवून ठेवता येतात. दुकानाच्या ॲपवर 'आजची सूट' वर चिकटलेली असते ना, तुम्ही किती खाली गेलात तरी ती जात नाही, तशा. त्यानं तिथंच, हळदीच्या वासात, लॅपटॉप उघडला आणि पडद्याच्या वरच्या अंगाला एक ओळ चिकटवली. कै. रूपाबाई थावरा जाधव. मामानं यादी वर ढकलली, खाली ढकलली, जोरात भिरकावली. खालची माणसं सैरावैरा पळाली. रूपाबाई जागची हलली नाही.

"येतो लग्नाला," मामा म्हणाला. "हळद उद्या धाडतो."

गोष्ट इथं संपली असती तर दिपकचं नशीब. पण घरी येताच कमलबाईनं मोबाईल पाहिला, भावजयीचं नाव वाचून पदर डोळ्याला लावला, आणि मग म्हणाली, "माही याडी बी टाक." याडी म्हणजे आई. स्वतःच्या आजीला कोण नाही म्हणेल? टाकली. तासाभरात नायक आले. त्यांचा बाप ह्याच तांड्याचा नायक होता, तो खाली आणि बाया वर, हे कसं चालेल? टाकला. मग रांगच लागली. कुणाचा भाऊ, कुणाची सासू, कुणाचा मोटारसायकलवरून गेलेला लेक. एकानं आपल्या बैलाचं नाव आणलं. दिपक म्हणाला, बैल कसा टाकू, तर तो म्हणाला, "तुह्या यादीत माझा साडू हाये ना? मंग बैलानं काय पाप केलं?" बैल टाकला.

एक बाई बराच वेळ कडेला उभी होती. सगळे गेल्यावर जवळ आली. "माझं लेकरू चारच दिवस होतं," ती म्हणाली. "नाव ठेवायचं राहूनच गेलं." दिपकनं विचारलं, मग काय लिहू? ती म्हणाली, "काय लिहू नको. नुसती वळ ठेव." त्यानं एक कोरी ओळ चिकटवली.

कलीमही आला. त्याचे वडील, गुलाम नबी, जन्मभर तांड्यावर बांगड्या भरायला यायचे. कमलबाईचा चुडा त्यांनीच भरलेला. "तुमच्या पत्रिकेत चालत असंल तर," कलीम दारातूनच म्हणाला. कमलबाई आतून ओरडली, "चालतंय काय विचारतो, माझ्या याडीच्या शेजारी घ्या त्यायला."

शेवटी मामा परत आला. दिपक म्हणाला, "आता काय मामा, मामी सगळ्यात वर हाये."

"तिला खाली घे. मेलेल्यायच्यात सगळ्यात खाली."

"काहून? वर मान हाये."

"मान काय करायचा," मामा म्हणाला. "खालून माझं नाव जाईल तवा तिला लागून जाईल."

दिपकनं मामीला खाली घेतलं.

ह्या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. पडदा केवढा? वीतभर. वर चिकटलेली माणसं वाढत गेली तशी त्यांनी पडदा भरून टाकला. नवरा, नवरी, तारीख, ठिकाण, सगळं त्यांच्यामागं दडलं. तळाला बोटभर पट्टी तेवढी उरली, आणि तिच्यातून तांड्यातली जिती माणसं एकेक करून सरकत जायची.

लग्नाच्या दिवशी सकाळी जवळा बाजारकडं नवरदेवाच्या मंडळींनी पत्ता पाहायला ती पत्रिका उघडली. वरपासून खालपर्यंत कै., कै., कै. अधेमधे एक बैल आणि एक कोरी ओळ. कुलदीपच्या बापानं डोईचा फेटा काढून ठेवला. एवढी माणसं एकदम गेली तरी कशानं, हे विचारायला फोन करावा असं कुणाच्या मनात आलं, पण असल्या गोष्टी फोनवर विचारायच्या नसतात. बँडवाल्यांना परत पाठवलं. जीपवरचे हार काढले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी कडू भाकरी घेऊन जायची रीत, म्हणून बायांनी घाईघाईनं भाकरी थापल्या, वरणाच्या बादल्या भरल्या.

तांड्यावर मांडवात माणसं वऱ्हाड बघायला वेशीकडं तोंड करून बसलेली. दुपार कलली. आणि जीपा आल्या त्या बिनबँडाच्या, बिनआवाजाच्या. नवरदेव मान खाली घालून, डोईवर साधी पांढरी टोपी. बाया उतरल्या त्या डोक्यावर भाकरीची टोपली आणि तोंडाला पदर. पहिली बाई कमलबाईच्या गळ्यात पडून रडायला लागली, आणि आपल्या गळ्यात पडून कुणी रडतंय म्हटल्यावर कमलबाईलाही रडू फुटलं. मग सगळा मांडव रडला. कशासाठी ते कुणाला नीट माहीत नव्हतं, पण ज्याला त्याला रडायला आपलं आपलं माणूस होतं. प्रेमसिंग दिपककडं नुसता बघत होता, आणि दिपक मांडवाच्या खांबाआड.

घरात उंबऱ्याच्या आत शितल हळद लावून उभी होती. तिचा हात धरून थावरा मामा.

"मामा, लोक रडून राहिले," ती म्हणाली.

मामानं बाहेर पाहिलं. भाकरीच्या टोपल्या पाहिल्या, वरणाच्या बादल्या पाहिल्या, पांढऱ्या टोपीतला नवरदेव पाहिला. मग तो हसायला लागला. दोन वर्षांत त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं आधी लोकांना वाटलं त्याला ठसका लागला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुह्या मामीच्या तिसऱ्याला पावसानं ओढा भरला व्हता, कुणाला भाकर घेऊन येता आलं न्हाई. आज आली." आणि त्यानं भाचीला उंबऱ्याबाहेर काढलं.

लग्न लागलं. लग्नाचं जेवण होतंच, त्याच्याबरोबर कडू भाकरीही वाढल्या. वाया कशाला घालवायच्या, अन्नच ते. जवळा बाजारचे लोक जेवता जेवता वर चिकटलेल्या माणसांची चौकशी करत होते, कोण होता, कशानं गेला, आणि तांड्याची माणसं एकेकाची गोष्ट सांगत होती. बैलाची गोष्ट सगळ्यात लांब चालली.

शेवटची पंगत बसायला आली तेव्हा दिपक मामाला शोधायला गेला. मामा मांडवाच्या कडेला पालथ्या घमेल्यावर बसला होता. हातात मोबाईल. पडद्यावर वरपासून खालपर्यंत गेलेली माणसं, सगळ्यात खाली रूपाबाई, आणि तिच्याखालच्या बोटभर पट्टीत, तिला लागून, एकच नाव. थावरा जाधव. मामाचा पिवळा अंगठा पडद्याच्या कडेला थांबला होता, जरासुद्धा न हलता.

"मामा, चला, शेवटली पंगत हाये," दिपक म्हणाला.

"तुमी बसा," मामा म्हणाला. "मी उठलो की सरकंल."

दिपकनं मग मामाची आणि आपली अशा दोन पत्रावळ्या वाढून तिकडंच नेल्या आणि मामाशेजारी जेवायला बसला.